कुठलं तारापूर?

"मुलगा तारापूरला कामाला आहे," असं मुंबईतल्या नातेवाइकांना सांगितलं की त्यांचं समाधान होतं. बोईसरच्या माणसाला मात्र एवढ्यावर गप्प बसवत नाही. तो लगेच विचारतो, "कुठल्या तारापूरला?" प्रश्न रास्त आहे, कारण आमच्याकडे तारापुरं तीन. पहिलं खरं तारापूर, समुद्रकाठचं गाव. तिथला किल्ला 1739 साली चिमाजी अप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांकडून घेतला. दुसरं अणुवीज केंद्राचं. तिसरं एमआयडीसीचं, आणि ते तर सरळसरळ बोईसरमध्येच आहे. तिन्हींपैकी कुठेही जायचं असो, तारापूर नावाचं रेल्वे स्टेशन नाही, उतरायचं बोईसरलाच. त्यामुळे आमच्या भागात 'कुठलं?' हा शब्द दिवसातून इतक्या वेळा वापरला जातो, की इंग्रजी व्याकरणातला सगळ्यात छळवादी धडा शिकायला याहून सोयीची जागा सापडणार नाही.

तो धडा म्हणजे 'अ', 'अ‍ॅन' आणि 'द'. शाळेच्या पुस्तकात त्यांना 'उपपद' असं भारदस्त नाव असतं. पण माणसं त्यांना आर्टिकलच म्हणतात, आणि म्हणताना चेहरा किंचित आंबट करतात.

तसा या शब्दांचा आणि आमच्या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. मराठीचं पहिलं गाजलेलं व्याकरण 1836 साली लिहिणारे दादोबा पांडुरंग यांचं घराणं तर्खडचं, आणि तर्खड वसईजवळ, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यात. ज्या 'तर्खडकर भाषांतर पाठमाले'वर मराठी माणसाच्या पिढ्या इंग्रजी शिकल्या, तिच्यावरही हेच आडनाव. त्या काळात इंग्रजी व्याकरण म्हटलं की लिंडले मरे या गृहस्थांचं पुस्तक जगभर चालायचं. ते 1795 सालचं. मरेसाहेबांनी शब्दांच्या जाती नऊ सांगितल्या आहेत आणि त्यांत पहिल्या नंबरावर आर्टिकल आहे. आपण शाळेत घोकतो त्या जाती आठ: नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद वगैरे. साहेबाच्या यादीतली पहिलीच जात मराठीत आल्यावर गळून पडली, कारण लावायला काहीच सापडलं नाही. नवव्या पाहुण्याला ताटच मांडलं गेलं नाही. तो तेव्हापासून दारात उभा आहे आणि आपल्या प्रत्येक इंग्रजी अर्जात वेळीअवेळी डोकावतो.

आमच्या इमारतीत असे अर्ज माझ्याकडे येतात. रजेचा, नोकरीचा, सोसायटीला द्यायचा, बँकेला द्यायचा. तपासून देणारा म्हणून नाव एकदा झालं की सुटका नाही. या अर्जांचे दोन प्रकार असतात. पहिल्या प्रकारात आर्टिकल औषधालाही नसतं: 'आय अ‍ॅम वर्किंग इन केमिकल कंपनी. आय हॅव डिप्लोमा. आय नीड चेंज.' वाचताना तार वाचल्यासारखं वाटतं. तारेत शब्दाला पैसे पडायचे, म्हणून आर्टिकल गाळणं हा शहाणपणा होता. पण तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली. आता ईमेल फुकट आहे, शब्द वाचवून कुणाची बचत करायची?

दुसरा प्रकार जास्त धोक्याचा. त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं की इंग्रजीत 'द' लावायचा असतो. मग तो हात सैल सोडतो. 'आय लिव्ह इन द बोईसर. माय फादर इज इन द पालघर. आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम द फीवर.' असा अर्ज आणणाऱ्या एका तरुणाला मी म्हटलं, "अरे, एवढे 'द' कशाला?" तर तो म्हणाला, "सर, कमी पडले तर वाईट दिसतं. जास्त झाले तर साहेब खोडून टाकेल."

हा हिशेब चुकीचा असला तरी मला तो समजतो. ज्या गोष्टीची आपल्या भाषेत जागाच नाही ती नेमकी कुठे ठेवायची, हे कसं कळावं? बोईसरच्या चहाच्या टपरीवर संध्याकाळी उभं राहिलं तर मराठी, हिंदी, गुजराती सगळं एकाच वेळी कानावर पडतं. यांतल्या एकाही भाषेत 'द' नाही. ओडिशा-बंगालकडून आलेल्या कामगारांच्या भाषेत नामाला मागून 'टा' जोडून काम भागवतात, तीच काय ती थोडी जवळची सोय. बरं, हे आपलंच दुखणं आहे असंही नाही. संस्कृतात आर्टिकल नाही, लॅटिनमध्ये नव्हतं, रशियनमध्ये आजही नाही. एवढी साम्राज्यं आणि एवढं साहित्य 'द'वाचून उभं राहिलं. तेव्हा एका रजेच्या अर्जाने एवढं खजील व्हायचं कारण नाही.

पण 'नाही' म्हणजे 'द' नाही, 'द'चं काम आहेच. ते काम मराठी गुपचूप करते.

पालघर स्टेशनवर सकाळी धावत आलेला माणूस विचारतो, "गाडी गेली का हो?" बाकावर बसलेला पेपरमधून मान वर न काढता म्हणतो, "गेली." कुठली गाडी, हे दोघांनाही ठाऊक असतं. ती त्याची रोजची गाडी. इंग्रजीत इथे 'द ट्रेन' म्हणावं लागतं. 'अ ट्रेन' म्हटलं तर अर्थ होतो, 'कुठली तरी एखादी गाडी गेली का?' पश्चिम रेल्वेच्या या मार्गावर गाडी तर सतत कुठली ना कुठली जातच असते, मालगाडी धरली तर विचारायलाच नको. 2013 साली विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत लोकल सुरू झाली, तेव्हापासून मात्र "कुठली?" हा प्रश्न आमच्या फलाटावरही यायला लागला. गाड्या वाढल्या की 'द' डळमळीत होतो.

गोष्ट सांगतानाही आपण हेच करतो. 'एक राजा होता. राजाला दोन राण्या होत्या.' पहिल्या वाक्यातल्या 'एक'चं काम इंग्रजीत 'अ' करतो, कारण ऐकणाऱ्या पोराला राजा अजून भेटलेला नाही. दुसऱ्या वाक्यात राजा ओळखीचा झाला, तिथे 'द'. चार वर्षांचं मूलही यात चुकत नाही. 'एक राजा होता, एका राजाला दोन राण्या होत्या' असं सांगितलं तर तेच मूल गोष्ट थांबवून विचारेल, हा दुसरा राजा कुठून आला?

आणखी एक नमुना घरोघरीचा. 'त्याने मुलगी पाहिली' म्हटलं की कांदेपोहे झाले, आता पत्रिका बघायची. 'त्याने मुलीला पाहिलं' म्हटलं की कोणीतरी ठरावीक मुलगी आहे, आणि बहुधा घरच्यांना अजून कळलेलं नाही. एका 'ला'ने केवढा फरक! पहिल्या वाक्यात 'अ' दडलेला आहे, दुसऱ्यात 'द'. म्हणजे मराठी माणसाला निश्चित आणि अनिश्चित यांतला भेद कळत नाही, हा आरोप साफ खोटा. आपण तो शब्दावर लादत नाही, ऐकणाऱ्यावर सोपवतो. इंग्रजी ऐकणाऱ्यावर एवढा भरवसा ठेवत नाही. तिला ते दरवेळी तोंडाने कबूल करून हवं असतं.

हे ध्यानात आलं की 'अ' आणि 'द'मधली निवड सोपी होते. एकवचनी, मोजता येणारं नाम लिहिलंत की समोरच्याच्या जागी बसायचं आणि बघायचं, तो 'कुठला?' म्हणेल का? म्हणणार असेल तर 'अ'. म्हणणार नसेल, त्याला कळलेलं असेल, तर 'द'. मी अर्ज तपासतो ते याच एका प्रश्नावर. 'आय अ‍ॅम लुकिंग फॉर द जॉब' असं लिहून आलेल्या मुलाला मी विचारलं, "कुठला जॉब?" तो म्हणाला, "कुठलाही चालेल, सर." मग 'अ जॉब' लिही. पुढे मुलाखत होऊन त्याच जागेसाठी आभाराचा ईमेल लिहायचा झाला, तर तिथे 'आय वॉन्ट द जॉब.' इथे 'अ' घातलास तर साहेबाला वाटेल, याला आमचीच नोकरी हवी आहे असं काही नाही.

कधीकधी एवढ्याशा अक्षराने घरची अब्रू जाते. कंपनीच्या कार्यक्रमात परदेशी पाहुण्याशी आपल्या भावजींची ओळख करून देताना एक जण म्हणाला, "ही इज अ हजबंड ऑफ माय सिस्टर." वाक्य ऐकायला निर्दोष. पण त्याचा अर्थ 'माझ्या बहिणीच्या नवऱ्यांपैकी हे एक' असा होतो. भावजींना इंग्रजी बेताचं, म्हणून ते हसत हात मिळवत राहिले. पाहुणाही सभ्य होता.

कारखान्यात मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नसतं. एमआयडीसीतल्या रासायनिक कंपनीत जा. रिअ‍ॅक्टरच्या भोवती पाइपांचं जाळं, त्यावर ओळीने व्हॉल्व. वरून कुणी ओरडलं, "व्हॉल्व बंद कर," तर खालचा हेल्पर हात लावण्याआधी विचारतो, "कुठला, दादा?" त्या आवारातला हा सगळ्यांत मोलाचा प्रश्न. म्हणून तर प्रत्येक व्हॉल्वला नंबराची पट्टी टांगलेली असते. तिथे 'अ व्हॉल्व' म्हणजे 'कुठलाही एक बंद कर', यासारखा भयंकर हुकूम नाही. आणि 'द व्हॉल्व' फक्त त्यालाच कळतो, जो त्या घटकेला तिथे हजर असतो.

शिफ्ट बदलताना लॉगबुकात काय लिहितात ते जरा जवळून पाहा. 'पंप ट्रिप्ड. व्हॉल्व क्लोज्ड. इलेक्ट्रिशियन इन्फॉर्म्ड.' सेकंड शिफ्टचा माणूस सही करून घरी गेला. नाइटवाल्याने वही उघडली. कुठला पंप? कुठला व्हॉल्व? लिहिणाऱ्याच्या डोक्यात प्रत्येक शब्दामागे 'द' होता, कागदावर तो उतरला नाही. आणि उतरला असता तरी भागलं नसतं, कारण 'द' म्हणजे 'तुला माहीत असलेला', आणि नाइटवाल्याला काहीच माहीत नव्हतं. तिथे नंबरच लिहायला हवा. मला वाटतं, आर्टिकलचं मर्म व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा या वहीत लवकर सापडतं. आपल्याला जे माहीत आहे ते समोरच्याला माहीत आहे का, एवढाच तो विचार आहे.

जगात एकच असलेल्या गोष्टींना 'द' लावतात: सूर्य, चंद्र, पृथ्वी. या यादीत आमच्याकडे कलेक्टरसाहेबही येतात. जिल्ह्यात कलेक्टर एकच, म्हणून 'द कलेक्टर'. यात गंमत अशी, की 31 जुलै 2014 पर्यंत इथला माणूस 'कलेक्टर ऑफिसला जाऊन येतो' म्हणाला की त्याला ठाणे गाठावं लागे. जव्हार-मोखाड्याच्या माणसाचा सगळा दिवस त्यात जायचा. 1 ऑगस्टला पालघर जिल्हा झाला, आणि पुढे कोळगावला मुख्यालयाच्या इमारती उभ्या राहिल्या. वाक्य तेच राहिलं, 'द' तोच राहिला, फक्त त्याचं बोट ठाण्याकडून कोळगावकडे वळलं.

सातपाटीच्या बाजारात टोपलीतून उचललेलं पापलेट 'अ पॉम्फ्रेट'. पण 2023 साली सरकारने त्याला राज्यमासा केलं, तेव्हापासून ते 'द स्टेट फिश ऑफ महाराष्ट्र'. भाव मात्र त्याआधीच वाढलेला होता. चिकूचंही तसंच. 'चिकू गोड असतात' या वाक्यात जगातले सगळे चिकू आले, तिथे इंग्रजीत काहीच लावायचं नाही. 'मी काल आणलेले चिकू' म्हटलं की 'द'. अनेकवचनाला 'अ' कधीच नाही, आणि पाणी, मीठ, तांदूळ यांना सहसा नाही. गावांच्या नावांना काही नाही, समुद्राला आणि नदीला 'द'. म्हणून बोईसर नुसतं बोईसर, पण सूर्या नदी 'द सूर्या' आणि समुद्र 'दि अरेबियन सी'. यात तर्क शोधू नये. नदीला मान आणि गावाला नाही, एवढं पाठ करावं.

'अ' की 'अ‍ॅन' हा प्रश्न राहिला. इथे मराठी माणूस साहेबापेक्षाही पुढे असायला हवा होता, पण शाळेने घात केला. आपल्याला शिकवलं जातं: ए, ई, आय, ओ, यू ही अक्षरं आली की 'अ‍ॅन'. मग पोरं 'अ‍ॅन युनिव्हर्सिटी' लिहितात आणि 'अ अवर'. नियम अक्षराचा नाहीच, उच्चाराचा आहे. आणि उच्चार तर आपल्या लिपीत उघडा मांडलेला असतो. शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर 'अ‍ॅन', व्यंजन असेल तर 'अ'. 'युनिव्हर्सिटी': पहिला य, व्यंजन, म्हणून 'अ'. 'अवर': पहिला अ, स्वर, म्हणून 'अ‍ॅन', मग इंग्रजीत पुढे एच असला तरी बेहत्तर. 'वन रुपी नोट': व, म्हणून 'अ'. 'एमआयडीसी प्लॉट': ए, म्हणून 'अ‍ॅन', जरी इंग्रजीतलं पहिलं अक्षर एम असलं तरी. ज्याने बालवाडीत स्वर आणि व्यंजनं म्हटली आहेत त्याचा यात एकही मार्क जायला नको. 2000 सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्या वर्गात एका भिंतीवर देवनागरी मुळाक्षरं असतात आणि दुसऱ्या भिंतीवर एबीसीडी. दोन भिंतींची ओळख करून दिली असती तर एवढं सोपं झालं असतं.

'द' आणि 'दि' यांचंही हेच. पुढे स्वर असेल तर 'दि', व्यंजन असेल तर 'द'. जुन्या हिंदी सिनेमाच्या शेवटी पडद्यावर पाटी यायची आणि अख्खं थिएटर 'दि एंड' म्हणत उठायचं. अडाणी माणसाचाही उच्चार बिनचूक. सहकाराने मात्र स्वर-व्यंजन असला भेदभाव ठेवला नाही. 'दि ठाणे डिस्ट्रिक्ट सेंट्रल को-ऑपरेटिव्ह', 'दि महाराष्ट्र स्टेट', पाटी कुठल्याही सहकारी बँकेची वाचा, बहुतेक 'दि'च. त्यातून संस्थेला वजन येतं. बोलताना मात्र तो 'दि' आपण दारातच ठेवतो. "पैसे कुठे ठेवलेत?" "टीडीसीसीत." विषय संपला.

एवढ्या लहान शब्दांसाठी इतका खटाटोप का, असं कुणी विचारलं तर मी त्याला दोन गोष्टी सांगतो. पहिली 1969 सालची. त्या ऑक्टोबरात तारापूरची वीज व्यापारी तत्त्वावर वाहू लागली, आणि त्याआधी जुलैमध्ये नील आर्मस्ट्राँग चंद्रावर उतरला. एका माणसाचं हे छोटं पाऊल, पण मानवजातीची मोठी झेप, अशा अर्थाचं वाक्य त्याला म्हणायचं होतं. पृथ्वीवर ऐकू आलेल्या वाक्यात 'मॅन'च्या आधीचा 'अ' नव्हता. 'अ' गेला की 'एक माणूस' जाऊन 'सगळा माणूस' होतो, आणि वाक्य म्हणतं, मानवजातीचं छोटं पाऊल, मानवजातीची मोठी झेप. आपल्याला 'अ' म्हणायचा होता, हे तो पुढे सांगत राहिला, आणि लोक यंत्रं लावून ती ध्वनिफीत तपासत राहिले. चंद्रावर जाऊनही आर्टिकल सुटलं नाही.

दुसरी गोष्ट हसण्याची नाही. 22 नोव्हेंबर 1967 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने पश्चिम आशियातल्या युद्धानंतर 242 क्रमांकाचा ठराव केला. इस्रायलने युद्धात व्यापलेल्या प्रदेशांतून माघार घ्यावी, असं त्यात आहे. पण इंग्रजी मसुद्यात 'प्रदेशां'च्या आधी 'द' नाही. म्हणजे सगळे प्रदेश, की काही? फ्रेंच मसुदा वाचून एक बाजू म्हणते सगळे, इंग्रजी मसुदा वाचून दुसरी म्हणते तसं लिहिलेलं नाही. गेली अनेक दशकं राजदूत आणि वकील त्या न लिहिलेल्या 'द'वर भांडत आहेत. शेवटी तोही प्रश्न आमच्या हेल्परचाच आहे: कुठले?

तेव्हा माझं मत असं: आर्टिकल चुकलं म्हणून कुणी अडाणी ठरत नाही, आणि ते बरोबर आलं म्हणून कुणी साहेब होत नाही. सवलत कुठे द्यायची हेही कळलं पाहिजे. पाटीवर, बातमीच्या मथळ्यात आर्टिकल गाळलं तर चालतं, इंग्रजही गाळतात. पण अर्ज, करार, औषधाची चिठ्ठी, शिफ्टची वही, जिथे वाचणारा आपल्यासमोर उभा नसतो आणि त्याला उलटून विचारता येत नाही, तिथे आळस करू नये. आणि पुढच्या वेळी इंग्रजीत काही लिहिलंत, की ते तपासायला माझ्याकडे आणू नका. ज्याला त्या प्रकरणातलं काहीही ठाऊक नाही अशा शेजाऱ्याला त्याचा मराठीत अर्थ वाचून दाखवा. तो जिथे जिथे "कुठला?" म्हणून अडवेल, तिथे तिथे पेन ठेवा. इंग्रजी येत नसलं तरी चालेल, बोईसरचा असला की पुरे.